हळदीचं तळं

व्हिएन्नाहून आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते माझ्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात पडून होतं, आणि कुठलाही शब्द शोधायला गेलो तरी शब्दकोश आधी त्याच पानावर उघडायचा.

पत्र आमच्या वाडीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या नावानं आलं होतं. मी तिथला ग्रंथपाल. निवृत्तीनंतरही किल्ली माझ्याकडेच राहिली, कारण दुसऱ्या कुणी ती मागितली नाही. पत्र लिहिणाऱ्या मार्लेने होफर या बाई अनेक देशांनी मिळून चालवलेल्या एका कामात होत्या. ज्याचा उपग्रह जवळून जाईल त्यानं चित्र घ्यायचं, सगळ्यांना द्यायचं, आणि त्यातून पुराचे, दुष्काळाचे, जंगलांचे नकाशे करायचे, असं ते काम. सोबत एक चित्र होतं. त्यात आमची वाडी, ओढा, नदी, आणि एका जागेभोवती लाल वर्तुळ. बाईंनी विचारलं होतं : ढगांतून पाहणाऱ्या रडारला इथे बारा महिने पाणी दिसतं, साध्या रंगीत चित्रात मात्र मार्चमध्ये ही जागा पिवळी दिसते. आपण जवळ राहता, पाहून सांगाल का, तिथे काय आहे?

तिथे हळद वाळवायचा ओटा आहे. सगळ्या वाडीनं मिळून टेकाडावर बांधलेला, सिमेंटचा, एखाद्या मोठ्या शेताएवढा, घोटून गुळगुळीत केलेला. असा गुळगुळीत भाग रडारला पाण्यासारखाच काळा दिसतो, अशी शंका बाईंनीच लिहिली होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. पण ते इंग्रजीत म्हणायचं होतं. 'देअर इज नो पाँड' की 'देअर इज नॉट अ पाँड', यात माझा आठवडा गेला. पुढे वाटू लागलं, एवढ्या देशांचे उपग्रह एकीकडे आणि मी एकीकडे, चूक कुणाची असेल? एका संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन पाहूनसुद्धा आलो. कोरडा होता. तरीही लिहिलं नाही.

यंदा भाद्रपदात पाऊस थांबेना. एका सकाळी नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरलं आणि वाडीच्या दोन्ही बाजूंनी वर चढायला लागलं. हट्टा या बाजाराच्या गावाकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. शाळेच्या पायऱ्या बुडाल्या. लोक हातात येईल ते घेऊन ओट्याकडे पळाले, कारण उंच जागा ती एकच.

वर चढताना संतराम भेटला. तो आमचा उपसरपंच. त्याच्या डोक्यावर पिठाचा डबा होता. माझ्या पिशवीकडे बघत त्यानं विचारलं, "काका, लोकं पीठमीठ घेऊन आले. तुमी काय आणलं?"

"शब्दकोश."

"बरं केलं. पाण्याला इंग्रजीत सांगू, मागं सर म्हणून."

ओट्याच्या कडेला रहमतबी उभी होती. ओट्याची देखरेख तिच्या मुलाकडे, दस्तगीरकडे; पण सत्ता तिची. ती प्रत्येकाला अडवत होती. "चपला काढा! हळदीची जागा हाय."

"अम्मा, आता कुठं आली हळद?" दस्तगीर ओरडला.

"फाल्गुनात येती का न्हाई? तवा तुमचा चिखल कोन खाईल? तू?"

हळदीच्या दिवसांत ओट्यावर कुणी पायताण घालून चढत नाही. त्या दिवशीही कुणी चढलं नाही. खालच्या कडेला, जिथे पाणी वाहून जावं म्हणून थोडा उतार दिलेला आहे, तिथे चपलांची लांब रांग लागली. लेकरांच्या, बायांच्या, माझ्याही.

दुपारपर्यंत पाणी टेकाडाच्या निम्म्यावर आलं. तेवढ्या दस्तगीरच्या फोनला रेंज होती. त्यानं नियंत्रण कक्षाला फोन लावला, दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला. पलीकडून एका मुलीनं सांगितलं, बोट निघाली आहे, आणि वरच्या धरणातून चारनंतर आणखी पाणी सुटणार आहे.

बोट आली. बाभळींच्या पलीकडून मोटारीचा आवाज आला तेव्हा बायांनी पदर हलवले, संतरामनं पिठाचा डबा बडवला. रबरी बोट शाळेकडे गेली, शाळेला एक फेरी मारली आणि आली तशी नदीकडे वळली. आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो. बोटीवर एकानंही मान वळवली नाही. मोटारीच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार?

दस्तगीरनं पुन्हा फोन लावला. "ओ ताई, काहून वापस गेली बोट? आमी इथं मरून राहिलो! ओट्यावर, ओट्यावर! न्हाई ओ, तळ्यात न्हाई! कसलं तळं?" त्यानं फोन कानापासून दूर धरला. "म्हणती, तुमी सांगता तिथं तळं हाय. नकाशात निळं दिसतं. तळ्यात मानसं कशी उभी राहतील म्हणती."

माझ्या पिशवीतला शब्दकोश एकदम जड झाला.

खालच्या कडेला एक निळी स्लीपर हलली, गोल फिरली आणि निघून गेली. तिच्या मागोमाग दुसरी.

"दस्तगीर," मी म्हणालो, "मला बोलू दे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू वाचनालयाचं कपाटच बोललं. मी बसभाडंसुद्धा दुसऱ्याकडून विचारून घेणारा माणूस. पण त्यानं फोन दिला. "काका, चार्जिंग संपत आली. मुद्द्याचं बोला."

"हॅलो, मी तातेराव, वाचनालयातला... म्हणजे तुम्ही कामात असाल, पण..."

"काका!" संतराम दात आवळून म्हणाला.

"बाई, तुमच्या नकाशातलं ते तळं... ते तळं नाही."

"काका, मी पुनम बोलतेय नियंत्रण कक्षातून. हा नकाशा आज सकाळचा आहे. बाहेरच्या देशांच्या उपग्रहांवरून आलाय. पुराचं पाणी लाल आहे, नेहमीचं पाणी निळं. तुम्ही म्हणता ती जागा निळी आहे. तुम्ही नक्की कुठे आहात?"

तिच्या आवाजात खात्री होती. अशा खात्रीपुढे मी आयुष्यभर 'बरोबर आहे तुमचं' म्हणत आलो. आताही ते शब्द ओठांवर आले. मी कडेकडे पाहिलं. रहमतबी उरलेल्या चपला उचलून वर सरकवत होती, आणि पाणी तिच्या पायांमागे ओट्यावर चढलं होतं.

"तुमच्याकडे रंगीत चित्रं आहेत का? साधी, कॅमेऱ्यातली?"

"असतील. पण काका, इथे किती गावांचे फोन..."

"मार्चचं उघडा."

"काका..."

"उघडा!" मी ओरडलो. शेजारचं एक लेकरू दचकून रडायला लागलं. "निळी जागा आहे तीच जागा, मार्चमध्ये. उघडा आणि रंग सांगा."

पलीकडे बटणांचा आवाज. कुणीतरी तिला दुसरंच काही विचारत होतं, ती थांबा म्हणाली. दस्तगीर माझ्या कानाला कान लावून उभा.

"उघडलं," पुनम म्हणाली. "हे पिवळं काय आहे?"

"हळद. वाळत घातलेली. पाण्यावर हळद कोण वाळवतं? तो सिमेंटचा ओटा आहे. रडार फसतं त्याला. आम्ही सगळे त्याच्यावर उभे आहोत, पासष्ट-सत्तर माणसं, लेकरं..."

फोन बंद पडला होता. कुठल्या शब्दावर पडला, ते मला कळलं नाही.

"ऐकलं का तिनं?" संतरामनं विचारलं.

"माहीत नाही."

"हळद तरी ऐकली का?"

"माहीत नाही रे."

सगळे मधल्या उंच भागाकडे सरकले. लेकरांना मध्ये घेतलं. मी मनात ते संभाषण पुन्हा पुन्हा जुळवत होतो. हळद आधी म्हणालो की ओटा आधी? माणसं म्हणालो, तेव्हा फोन चालू होता का? उत्तराची ती एक ओळ तेव्हाच टाकली असती तर आज कुणाला ओरडावं लागलं नसतं, हेही मध्येच येऊन जात होतं. पण पाणी घोट्याला लागल्यावर तो विचारही टिकेना. रहमतबीनं पदरात चपला भरून घेतल्या होत्या, कुणाकुणाच्या. त्यातली एक माझी होती.

"तुमचीच ना, काका? दुसरी गेली."

"असू दे, बी."

आणि बाभळींच्या मागून मोटार ऐकू आली. या वेळी आवाज शाळेकडे गेला नाही. बाभळीच्या फांद्या वाकल्या, नारिंगी बोट त्यांच्यातून घुसली आणि सरळ आमच्याकडे आली. पुढे बसलेला माणूस हातातल्या फोनकडे पाहत होता, मग आमच्याकडे, मग पुन्हा फोनकडे.

"हेच का ते तळं?" त्यानं विचारलं.

"हेच," संतराम म्हणाला, "चपला काढून या."

आधी लेकरं गेली, मग म्हातारी माणसं. फेऱ्या होत राहिल्या. शेवटच्या फेरीला दस्तगीर आणि संतराम बोटीत चढले तेव्हा पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं होतं. वाडीत तेरा घरं पडली, जनावरं गेली, वाचनालयाची खालची दोन कपाटं गेली. माणूस एकही गेला नाही.

पाणी उतरल्यावर वाडीनं ओटा धुऊन काढला, आणि त्याच दुपारी मी पत्र बाहेर काढलं. कागद ओला होऊन वाळला होता, पत्ता वाचता येत होता. या वेळी कच्चं लिहिलं नाही. तिथे तळं नाही, तो हळद वाळवायचा ओटा आहे, असं लिहिलं. पुरात तुमच्या नकाशानं तो निळा दाखवला म्हणून बोट आम्हाला सोडून गेली, आणि तुमच्याच पिवळ्या चित्रामुळे परत आली, हेही लिहिलं. अशा ओट्यांची गावं आमच्या भागात आणखी आहेत. तिथे निळं रंगवण्याआधी विचारा, मी जाऊन पाहीन आणि कळवीन. उशिराबद्दल माफी मागितली. इंग्रजी तपासलं नाही.

दस्तगीरनं मोटारसायकलवरून मला हट्ट्याला पोस्टात नेलं. खिडकीतल्या माणसानं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, तिकिटं दिली. मी ती चिकटवली आणि पेटीसमोर थांबलो.

"आता काय झालं, काका?"

"पाँडच्या आधी 'अ' घातलाय. तो बहुतेक नको होता."

"त्या बाईला हळद कळली ना?"

"कळेल."

"मग टाका की."

मी पाकीट टाकलं.