पन्नासावा

नादर कोर्टाच्या खोलीतून बाहेर आला, रुमालानं मान पुसली आणि धाकट्या भावाला म्हणाला,

"एकोणपन्नास झाले. आता तू."

फरज बाकावरून उठला, पण पुढे गेला नाही. या एका शपथेसाठी त्याला अहवाझ शहरातून इथे गावी, खुर्रमाबादला बोलावून घेतलं होतं. चुलतभाऊ बहमन अक्रोडाच्या बागेत गोळी लागून मेला, त्याला वर्ष होत आलं होतं. शेजारच्या बागेचा मालक कुद्रत. त्याचं आणि बहमनचं पाण्याच्या पाळीवरून वैर, आणि त्या दुपारी त्याची गाडी बागेजवळ दिसलेली. गोळी झाडताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. अशा वेळी इराणी कायद्यानं मयताच्या रक्ताच्या नात्यातल्या पन्नास पुरुषांनी शपथ घेतली, की खून शाबीत. मग कुद्रत फासावर.

"दादा, त्यानंच मारलं हे तुला कसं कळलं रे?"

"हे काय विचारणं झालं? यारमोराद काकांनी सांगितलं."

काका शेजारीच भिंतीला टेकून उभे होते. फरज त्यांच्याकडे वळला.

"आणि काका, तुम्हाला?"

"मला? अरे, नादरचाच तर फोन आला होता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नादर रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत बसला.

"शहरात राहून फार शहाणा झालास," काका म्हणाले. "आत जा. काकू सकाळपासून ताटकळलीय."

आत महलका काकू, बहमनची आई, काळी चादर डोक्यावरून पांघरून ताठ बसली होती. समोर कुद्रत, दोन्ही हात मांडीवर ठेवून. फरजनं कुराणावर हात ठेवला.

"ऐकीव गोष्टीवर शपथ चालत नाही," न्यायाधीश म्हणाले. "तुझी स्वतःची खात्री आहे?"

"होती, आगा. गावात पाऊल ठेवेपर्यंत होती."

"आणि आता?"

त्यानं काकूकडे पाहिलं. मग हात उचलला.

"आता नाही सांगता येत."

पन्नास भरले नाहीत, तेव्हा शपथ कुद्रतकडे गेली. त्याच्या बाजूनं कुणी आलं नव्हतं, म्हणून पन्नासही वेळा त्यानं एकट्यानंच घ्यायची होती; पन्नास पुऱ्या झाल्या, की तो सुटणार. नातेवाईक बाहेर पडले. जाताना नादरनं भावाला खांद्यानं ढकललं. काकू हलली नाही. फरज तिच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसला.

"अल्लाची शपथ, बहमनला मी मारलं नाही."

कारकून दर शपथेला एक रेघ ओढत होता. सुरुवातीला आवाज खणखणीत होता, तेव्हा फरजला वाटलं, माणूस निर्दोष आहे. विसाव्या शपथेपुढे तो कापायला लागला, तेव्हा वाटलं, यानंच मारलं. मग कापण्याचाही अर्थ लागेना. थकलेला माणूस कापणारच. पुढे तर शब्दांचेच नुसते आवाज उरले.

चौतिसाव्या शपथेनंतर कुद्रतला ठसका लागला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. कारकुनाची लेखणी थांबली.

काकूनं चादर सावरली आणि ती उठून उभी राहिली. आता शिव्याशाप सुरू होणार, म्हणून फरजनं मान खाली घातली.

"त्याला पाणी द्या," काकू म्हणाली. "अजून सोळा राहिल्यात."