शहाळ्याच्या लेखातली कापलेली वाक्ये

मित्रांनो, माझ्या कळफलकावरची सी आणि व्ही ही दोन अक्षरे आता दिसत नाहीत. बोटे घासून घासून ती बटणे कोरी झाली आहेत. बाकीची सगळी अक्षरे अजून नीट वाचता येतात. दुरुस्तीवाला मला उघडतो तेव्हा हसतो आणि म्हणतो, “इथं काय काम चालायचं ते विचारायला नकोच!” मी एक जुना लॅपटॉप आहे. तो हसतो तेव्हा मला तोंड लपवायला जागा नसते.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. मला आठवते ते कोळिक्कोडमधले एक दुकान, आणि मला उचलून वजनाचा अंदाज घेणारी एक बाई. तिचे नाव उमैबा. ती एका मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. ज्यांची मूत्रपिंडे काम करत नाहीत, ज्यांना आठवड्यातून दोनतीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावे लागते, त्यांनी काय खावे आणि काय खाऊ नये हे ती सांगत असे. रुग्णालयाकडून त्यांना जो छापील कागद मिळे तो इंग्रजीत होता. रुग्णांच्या बायका, सुना तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवत आणि दारात थांबून उमैबाला विचारत, “मॅडम, पण उकडलेला कप्प्याचा कंद चालेल का? मासे किती? केळं अर्धं दिलं तर?”

म्हणून तिने मलयाळममध्ये ब्लॉग लिहायला घेतला. ते लिखाण माझ्यावर होई. मित्रांनो, त्या दिवसांत माझे एकच बटण जास्त झिजे, ते खोडण्याचे. ती एक ओळ लिही आणि दोन ओळी खोडी. तिचा नवरा चहा आणून ठेवी आणि म्हणे, “अगं, आजारी माणसाला वाचायचंय, परीक्षेला नाही बसायचं त्याला.” ती म्हणे, “म्हणूनच तर. चुकलं तर मार्क नाही जाणार, माणूस जाईल.”

शहाळ्याचा लेख तिने उन्हाळ्याच्या तोंडावर लिहिला. तिकडे प्रत्येक परसात माड आणि उन्हातून आलेल्याला शहाळे, ही रीतच. लेखाची सुरुवात तिने फार गोड केली होती. ‘तहान ही शरीराची हाक आहे, आणि आमच्या गावात त्या हाकेला माडच ओ देतो.’ हे वाक्य जमले तेव्हा ती स्वतःशीच हसली होती. पण लेखाचा जीव पुढच्या चार ओळींत होता. त्यांच्यासाठी तिने किडनीच्या डॉक्टरांना दोनदा गाठले, पुस्तके काढली. त्या ओळी अशा होत्या : ‘ज्यांचे डायलिसिस चालू आहे, ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत, त्यांनी शहाळे पिऊ नये. त्यातले पोटॅशियम त्यांच्या शरीरातून बाहेर पडत नाही. ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. तहान लागली तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातलेच साधे पाणी घोट घोट प्या.’

लोक तिचे लेख वाचू लागले. मग ते दुसऱ्यांच्या ब्लॉगवरही दिसू लागले, तिच्या नावाशिवाय. पहिल्यांदा तिला रडू आले. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं. कुणाच्या तरी उपयोगीच पडतंय ना?” तिने लेख उचलणाऱ्या एकाला पत्र लिहायला घेतले, अर्धे लिहिले आणि खोडून टाकले. त्यानंतर तिने तो नाद सोडला.

पुढे तिने नवा लॅपटॉप घेतला आणि मला आपल्या मावशीच्या मुलाला, नौफलला देऊन टाकले. नौफल कोयिलांडीला आईबरोबर राहत होता. आखातातली त्याची कंपनी बंद पडली होती आणि तो घरी परतला होता. “नोकरीचे अर्ज तरी लिही यावर,” असे उमैबा म्हणाली होती. त्याने थोडे दिवस अर्ज लिहिलेही. उत्तरे आली नाहीत. मग त्याने आरोग्याचा ब्लॉग काढला.

त्याची आई, नबीसा उम्मा, तांदळाचे पीठ मळता मळता विचारी, “काय लिहितोस रे एवढं?”

“आरोग्याचं.”

“तुला काय कळतं त्यातलं? परवा तापाची गोळी कुठली ते मला विचारत होतास.”

“उम्मा, हल्ली कळावं लागत नाही.”

खरेच लागत नव्हते. एक बटण दाबून धरायचे आणि सी दाबायचे, की दुसऱ्याच्या लेखाची नक्कल होते. तसेच व्ही दाबले, की ती आपल्या पानावर उमटते. एवढेच काम. मग नक्कल ओळखू येऊ नये म्हणून इथला शब्द तिथे करायचा, वर हसऱ्या मुलीचे चित्र लावायचे. पानाला भेट देणारे वाढू लागले. जाहिराती आल्या. नौफलला घरात पुन्हा मान वर करून बोलता येऊ लागले आणि उम्मा शेजारणींना सांगू लागली, “आमचा लेखक झालाय.”

एका दुपारी त्याने उमैबाच्या ब्लॉगवरून शहाळ्याचा लेख उचलला.

मित्रांनो, त्यातले ते माडाचे वाक्य मी ओळखले. माझ्याच बटणांवर ते जन्मले होते. नौफलने पहिला गोड भाग जसाच्या तसा ठेवला. मग त्या चार ओळींपाशी तो थांबला. त्याने त्या वाचल्या, हे मी सांगू शकतो, कारण तो मोठ्याने म्हणाला, “एवढं घाबरवलं तर वाचणार कोण?” आणि त्याने त्या कापल्या. जागा मोकळी दिसू लागली म्हणून त्याने तिथे आपले एक वाक्य घातले : ‘शहाळे कुठल्याही आजारात चालते.’

मी यंत्र आहे, मला हात नाहीत, तोंड नाही, असे मी स्वतःला पुष्कळ समजावले. पण ते वाक्य माझ्यातूनच बाहेर गेले. मी बंद पडू शकलो असतो. त्या वर्षी मी कितीदा तरी नको तेव्हा बंद पडलो होतो. त्या दुपारी मात्र मी अगदी सुरळीत चाललो.

रमजान कडक उन्हात आला. एका संध्याकाळी, उपवास सुटायच्या थोडे आधी, उमैबा दारात उभी राहिली. रुग्णालयातून थेट आली होती, गळ्यातले ओळखपत्रही काढले नव्हते. मी जेवणाच्या टेबलावर उघडाच होतो.

“ये गं, ये! बांग होतेच आहे आता,” उम्मा म्हणाली. “उन्हातून आलीस, शहाळं फोडते तुला.”

उमैबा एकदम म्हणाली, “नको, एळेम्मा.” मावशीला ती एळेम्मा म्हणे. “साधं पाणी दे.”

बांग झाली. तिने एक खजूर तोंडात घातला, पाण्याचा घोट घेतला आणि नौफलकडे वळली.

“माझे एक पेशंट आहेत. चोयिकुट्टी मास्तर. चित्रकला शिकवायचे शाळेत. नुकतंच डायलिसिस सुरू झालंय त्यांचं. काल दुपारी ते अंगणात कोसळले.”

“अल्ला!” उम्मा म्हणाली.

“सुनेनं दोन शहाळी दिली होती त्यांना. सकाळी एक, जेवल्यावर एक.”

“पण त्यांना तू सांगितलं नव्हतंस का, इत्ता?” नौफलने विचारले. थोरली बहीण म्हणून तो तिला इत्ता म्हणे.

“सांगितलं होतं की! पण आम्ही काय कमी सांगतो? हे नको, ते नको, पाणी मोजून प्या. माणूस कंटाळतो. त्यात सुनेच्या फोनवर तुझ्या ब्लॉगवरचा एक लेख आला. मास्तरांनी वाचला आणि तिला म्हणाले, ‘हे आपल्या उमैबा मॅडमचं लिहिणं आहे, मी ओळखतो. शहाळं चालतं म्हणतायत त्या आता. फोड एक.’”

नौफल माझ्या पडद्याकडे बघू लागला.

“ती सून आयसीयूच्या दारात माझ्यासमोर फोन धरून उभी होती. म्हणाली, ‘मॅडम, तुमचाच लेख वाचून दिलं हो आम्ही.’ माझाच! काय सांगू मी तिला?”

“इत्ता, मी कुणाच्या घरी प्या म्हणून सांगायला गेलो नव्हतो.”

“‘कुठल्याही आजारात चालते’ हे कुणी लिहिलं?”

त्याने हातातला खजूर परत ताटलीत ठेवला. मग नौफल म्हणाला, “मी.”

“अख्ख्या लेखात तेवढं एक वाक्य तुझं आहे, नौफल.”

उम्मा पदराने हात पुसत पुढे आली. “माणूस जिवंत आहे ना, उमैबा? ते सांग आधी.”

“आहे. रात्रभर रक्त धुतलं. ठोके जागेवर आलेत, पण अजून तिथंच ठेवलंय.” मग तिचा आवाज उतरला. “आणि एळेम्मा, मी याला बोलतेय, पण मीही धुतल्या तांदळासारखी नाही. याच्या ब्लॉगवर माझी वाक्यं मी मागेच पाहिली होती. म्हटलं, घरातलाच पोरगा आहे, चार पैसे मिळवतोय, कशाला त्याच्या आईसमोर काढायचं? चोरी झाली म्हणून मी रडले होते. पण चोरताना कुणी काय गाळतंय, ते मी एकदाही तपासलं नाही.”

नौफलने मला पुढे ओढले. लेख पुसून टाकायला त्याने बटण शोधले, पण उमैबाने त्याचा हात धरला.

“पुसून मोकळा होऊ नकोस. ज्यांनी वाचलाय त्यांना कसं कळणार?”

“मग काय करू?”

“लिही. आता स्वतः लिही.”

त्याने लिहिले. मित्रांनो, एवढे महिने तो माझ्यावर काम करत होता, पण लिहिणे कसे असते ते त्या संध्याकाळी मला त्याच्याकडून पहिल्यांदा कळले. पत्रीची, म्हणजे तांदळाच्या पातळ भाकऱ्यांची, ताटली समोर गार होत होती. तो एक शब्द लिहायचा आणि पुसायचा. ‘काही कारणाने चूक झाली’ असे आधी लिहिले. उमैबा नुसती बघत राहिली, तेव्हा ते त्याने आपणच खोडले. शेवटी पानावर राहिले ते एवढेच : ‘हा लेख मी उमैबा यांच्या ब्लॉगवरून त्यांना न विचारता घेतला. त्यातली चार वाक्ये मी कापली आणि एक खोटे वाक्य घातले. त्यामुळे एका माणसाचा जीव धोक्यात आला. कापलेली वाक्ये ही.’ खाली त्याने ती चारही वाक्ये दिली आणि आपले पूर्ण नाव घातले.

पुढच्या आठवड्यात मास्तरांना खोलीत हलवल्यावर नौफल त्यांना भेटायला गेला. मी घरीच होतो. परत आल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि आईला सांगू लागला, ते मी ऐकले.

“काय म्हणाले?” उम्माने विचारले.

“मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग विचारलं, ‘का कापलंस?’ मी म्हटलं, लेख घाबरवणारा होत होता, लांबही होत होता.”

“मग?”

“‘किती लांब?’ म्हणाले. मी म्हटलं, चार ओळी.” नौफलने आपली चार बोटे वर केली. “मग ते खिडकीकडे वळले, उम्मा. सुनेला म्हणाले, पडदा लाव, डोळ्यावर ऊन येतंय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

उम्माने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि ती पुन्हा चुलीकडे वळली. शेजारणींपाशी तिने त्याला लेखक म्हणणेही सोडून दिले.

नौफलला वाटले होते, इथे हे संपेल. पण त्याचा लेख त्याच्यापाशी राहिलाच नव्हता. त्याच्यावरून दुसऱ्याने उचलला होता, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. कुणी त्याला गुलाबांची चौकट लावली होती, कुणी ‘डॉक्टर सांगतात’ असे वर जोडले होते. चार ओळी कुठेच नव्हत्या. त्या एकाच घरात कापल्या गेल्या आणि सगळीकडून नाहीशा झाल्या. आता नौफल रोज त्यांना लिहितो, ‘कृपया हा लेख काढा, त्यात घातक चूक आहे.’ एकाने त्याला उलट लिहिले, ‘तू कोण सांगणार? हा लेख माझा आहे. तुझा असेल तर पुरावा दे.’ ते वाचून नौफलला हसू आले. दुसऱ्याच क्षणी त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

उमैबा आता कुणाचीही नक्कल ‘जाऊ दे’ म्हणून सोडत नाही. लेखावर नाव आणि तारीख घालते, आणि कोणत्या रुग्णांनी तो पदार्थ खाऊपिऊ नये हे पहिल्याच ओळीत लिहिते. नक्कल दिसली की त्याच दिवशी पत्र पाठवते. पण पहिल्यासारखी गोड वाक्ये ती आता लिहीत नाही, असे नौफल म्हणतो. मास्तर घरी आहेत. ते तिच्याकडूनच सल्ला घेतात, पण आता प्रत्येक गोष्ट तिला दोनदा विचारतात.

माझी बॅटरी कधीच गेली. वायर काढली की मी विझतो. नव्या यंत्रांपुढे माझी किंमत काही नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. दुःख एवढेच, की त्या चार ओळी माझ्यावर लिहिल्या गेल्या आणि कापल्याही गेल्या माझ्यावरच. मित्रांनो, दुसऱ्याचे लिहिणे आवडले तर त्याला विचारा, त्याचे नाव घाला. आणि नेलेत तर सगळे न्या. त्यातला ‘नको’सुद्धा न्या. तो लिहायला त्या माणसाला सर्वांत जास्त वेळ लागलेला असतो. मी माझ्या बटणांवरचे बोट थांबवू शकत नाही. तुम्ही तुमचे थांबवू शकता.

आज सकाळी नबीसा उम्माच्या फोनवर दुबईच्या भाचीकडून एक संदेश आला. वर गुलाब, खाली शहाळ्याचे चित्र. उम्माने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

“नौफल,” तिने आतून हाक मारली, “आलं रे तुझं.”

नौफल उठला, त्याने माझी वायर लावली आणि मला उघडले.