फाटकावरचा परिचारक

माजी सैनिकांना नोकरी लावून देणाऱ्या कार्यालयात दुपारपर्यंत समुपदेशक बाईंनी अकरा निवृत्त सैनिक मार्गी लावले होते. मार्गी लावले म्हणजे काय, तर अकराही अर्जांवर 'सुरक्षारक्षक' असं लिहून टाकलं. रेडिओ दुरुस्त करणारा असो, पूल बांधणारा असो, नाहीतर पाचशे माणसांचा स्वयंपाक रांधणारा. सगळे घोडे बारा टक्के! गणवेशातल्या माणसाला पुन्हा गणवेशच द्यायचा, असा त्या कार्यालयाचा शिरस्ता होता. नोकरी लगेच मिळे, महिन्याचा तक्ता भरे, साहेब खूश.

बारावा माणूस ओळखीचा निघाला. सैन्यात वीस वर्षं जखमींची मलमपट्टी केलेला परिचारक. सहा महिन्यांपूर्वी बाईंनीच त्याला एका हॉस्पिटलच्या फाटकावर उभं केलं होतं, आणि वर "हॉस्पिटलच आहे, तुमच्या सोयीचं," असंही म्हणाल्या होत्या.

"काय भाऊ, नोकरी सोडलीत?"

"सोडली, मॅडम." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "परवा फाटकाशी एका गवंड्याला आणलं. मांडी कापलेली, रक्ताची धार लागलेली. त्याची बायको माझ्याकडे बघत होती."

"मग?"

"मागे फाटकाशी कोसळलेल्या एका म्हातारीला सावरायला हात लावला, तर लेखी ताकीद मिळालेली. रक्षकानं पेशंटला शिवायचं नाही, पुन्हा शिवलास तर घरी. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. मी आत फोन केला आणि उभा राहिलो. स्ट्रेचर यायला दहा मिनिटं लागली."

तो पुढे म्हणाला, "कमरेचा पट्टा काढून आवळला असता तर वाचला असता. तिकडे कितीजणांना तसं वाचवलंय मी."

तेवढ्यात साहेब तक्ता न्यायला आले. भरलेले अकरा अर्ज उचलून, बाराव्यावर नजर टाकून म्हणाले, "यांना एखाद्या गोदामावर द्या. तिथे पेशंटची कटकट नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यातली निम्मी स्वतःवरचीच होती. "मी रक्षक लिहिणार नाही, साहेब."

"अहो, सैन्यातला दाखला बाहेर चालत नाही. परीक्षा द्यावी लागते."

"मग परीक्षेला बसवू."

"तक्ता रिकामा दिसेल."

"दिसू दे." बाईंनी त्यांच्या हातातून अकरा अर्ज पुन्हा लिहायला काढून घेतले आणि बाराव्यावर 'परिचारक' लिहिलं.

त्यानं अर्ज बराच वेळ वाचला. मग हळूच विचारलं, "मॅडम, हे तेव्हा लिहिता आलं असतं?"

"आलं असतं," बाई म्हणाल्या.