दोन घरांत एक बंदूक

माझी लेक भूमिका साडेतीन वर्षांची आहे आणि तिला उघडता येत नाहीत अशा वस्तू आमच्या घरात फार थोड्या उरल्या आहेत. मिक्सरचं भांडं, औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण, सासऱ्यांच्या चष्म्याची डबी, सगळं येतं. लोक कौतुक करतात. मी हसते आणि मनात पुढची यादी करते: फिनेल वर, कात्री वर, ब्लेडचं पाकीट आणखी वर. तिचा बाप भडगावात मोटरपंप दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यामुळे पाना-पक्कड घरात सारखी येत-जात असते.

अशा घरात माझ्या नवऱ्याला, धर्मेंद्रला, बंदूक आणायची होती. (समोर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना 'तो' सोपं जातं.)

साधी बंदूकही नाही. त्याचं वेड एकच, टेकडाऊन कार्बाईन. आयटीआय झाल्यावर वर्षभर तो वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अप्रेंटिस होता. पुढे नोकरी लागली नाही, वेड तेवढं घेऊन आला. जेवताना मोबाईल ताटाला टेकवून मला दाखवायचा. "हे बघ हेमा, गोळी पिस्तुलाचीच, पण नळी लांब. खांद्याला लावायची, म्हणून धक्का कमी. आणि आता बघ हं..." पडद्यावरचा माणूस मधोमध एक पीळ द्यायचा आणि बंदुकीचे दोन तुकडे व्हायचे. "दहा सेकंदात जोडली, दहा सेकंदात सोडली. दप्तरात मावते!"

"कुणाच्या दप्तरात?" मी विचारायची.

नऊ एमएमच्या गोळीला आपल्याकडे परवानगी नाही, बत्तीस बोअर चालतं, आणि कुठली तरी कंपनी त्यात गरिबाला परवडेल अशी कार्बाईन काढणार आहे, हे तो तीन वर्षांपासून सांगत होता. त्याच्याकडे एक वही होती. दस्ता लाकडी की प्लास्टिकचा? घडीचा की सरळ? लाल ठिपक्याची दुर्बीण, की नळीच्या टोकाला नेम धरायची साधी माशी? एकेका प्रश्नाला दोन-दोन पानं. बाजारात नसलेल्या वस्तूचं इतकं काटेकोर नियोजन मी कुणाचं पाहिलं नाही.

त्याला कुणाला मारायचं होतं असं मुळीच नाही. दुकानात साप निघाला तर हा सर्पमित्राला फोन करतो आणि तो येईपर्यंत सापाला पंख्याचा वारा लागेल असं बघतो. गिरणेकाठच्या मक्यात रानडुकरं येतात, हे अर्जात लिहायचं कारण. खरं कारण त्याने एकदा सांगितलं होतं. "दोन तुकडे जोडल्यावर मध्ये केसाएवढीही फट राहत नाही. कुणीतरी तेवढं मन लावून केलेलं असतं ना." हे बोलताना त्याचा चेहरा असा असतो की पुढे वाद घालवत नाही.

म्हणून मी वाद घालत नव्हते. बंदूक बाजारात नाही आणि परवाना आमच्याकडे नाही, या दोन गोष्टींवर माझी झोप टिकून होती. त्यातली दुसरी हलली. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे जीवराम आबांच्या नावावर जुन्या एकनळी बंदुकीचा परवाना आहे. त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली, तेव्हा परवाना मुलाच्या नावे करावा असा अर्ज धर्मेंद्रने टाकला. जुनी विकायची आणि त्याच परवान्यावर पुढे कार्बाईन घ्यायची, असा त्याचा हिशोब. ती जुनी बंदूक समोरच्या गल्लीत झिपरू नानांकडे, आबांच्या धाकट्या भावाकडे असते, एवढं मला लग्नापासून माहीत होतं. आपल्या घरात नाही ना, मग झालं.

त्याच महिन्यात त्याने सागाची एक कार्बाईन केली. खोटी, मापासाठी, मधोमध पितळी आट्यांची. खरी आली तर कुठल्या पिशवीत मावेल ते बघायला. काम सुंदर होतं, मी तसं म्हटलंही. दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते, भूमिका ओट्याखाली बसलेली. जरा वेळाने 'टक' असा आवाज आला. वाकून पाहिलं तर पोरीने दोन्ही तुकडे जोडलेले, दस्ता पोटाशी, आणि नळीच्या तोंडात डोळा घालून ती आत काय आहे ते बघत होती.

लाकूड होतं. तरी मी कणकीच्याच हातांनी ते तिच्याकडून ओढून घेतलं.

संध्याकाळी धर्मेंद्रला सांगितलं. "एकदाच बघितलं होतं तिने तुम्हाला जोडताना."

"एकदाच?" तो म्हणाला, आणि आधी बापाला वाटतं तेच त्याला वाटलं, अभिमान. मग माझं तोंड बघून म्हणाला, "हेमा, खरी कुलपात राहील ना."

"तुमच्या दुकानाचं कुलूप तिने कशाने उघडलं होतं?"

"ते जुनं होतं."

मी ठरवलं. अर्जाच्या चौकशीला पोलीस घरी येतात, घरच्यांना विचारतात. मला विचारलं की सगळ्यांसमोर 'हरकत आहे' म्हणायचं. नवऱ्याचा अपमान होईल, आबा आठवडाभर बोलणार नाहीत. होऊ दे.

हवालदार फत्तेसिंगभाऊ गुरुवारी सकाळी आले. नवीनच बदलून आलेले, कागद नीट वाचणारे. सासूबाईंनी, म्हणजे बेबाबाईंनी, चहा ठेवला. फत्तेसिंगभाऊंनी फाईल मांडीवर उघडली आणि म्हणाले, "आधी हत्यार दाखवा आबा. नंबर जुळवून घेतो."

मला वाटलं आबा नानांना हाक मारतील. आबा उठले ते थेट आमच्या खोलीत गेले. स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरच्या गोधड्यांच्या पेटीमागे हात घातला आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ते मी पाच वर्षं दर दिवाळीला झटकून पुन्हा तिथेच ठेवत आले होते. जुन्या पाळण्याचा पाय असेल, असं समजून. त्याच्या बरोबर खाली भूमिका झोपते.

धोतर सुटलं. आत बंदुकीचा दस्ता, घोड्यासकट.

"नळी कुठंय?" फत्तेसिंगभाऊंनी विचारलं.

"नळी नानाघर शे," आबा म्हणाले.

निरोप गेला. नाना गोणपाटात नळी घेऊन आले, त्यांच्यामागे त्यांची सून मोनाली, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. तिने दस्ता पाहिला, मग माझ्याकडे. "वहिनी, आमच्या घरात सगळे म्हणायचे बंदूक तुमच्याकडे असते!"

"आणि इथे म्हणायचे तुमच्याकडे."

"कपड्यांच्या बोचक्यात होती गं! मी त्यावर लंगोट वाळवते!"

फत्तेसिंगभाऊ हसू दाबत होते. "आबा, ही काय पद्धत?"

उत्तर बेबाबाईंनी दिलं, गाळणीतून चहा ओतता ओतता. "तीस वरीस झायात. दोन्ही भाऊ बांधवर भांडनात, हाऊ म्हने मी बंदूक लयस, तो म्हने मी लयस. मंग मी सांगं, नळी त्यासना घर, दस्ता आपला घर. आते भांडा!"

नाना खाली बघून हसले. आबा हसले नाहीत.

"आणि इलेक्शनच्या टायमाला ठाण्यात जमा करायची असते तेव्हा?" फत्तेसिंगभाऊंनी विचारलं.

"दोन्ही भाऊ एक मोटरसायकलवर जातस," बेबाबाई म्हणाल्या. "तेवढाच येळ गोड बोलतस."

मी त्यांना विचारलं, आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आई, पोर तिथे खाली झोपते. मला सांगितलं का नाही?"

"तू इचारं का? आनि अर्धी बंदूक म्हंजे बंदूक शे का? लाकूड शे ते."

मला राग आला होता आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की बाई बरोबर बोलतेय. पाच वर्षं ती वस्तू माझ्या लेकीच्या डोक्यावर होती आणि काही झालं नाही, कारण दुसरा तुकडा दुसऱ्या गल्लीत होता. आम्हा दोघी सुनांची भीती काय कामाची होती? भलत्याच घराकडे बघत बसलो होतो.

धर्मेंद्रने नळी दस्त्यावर बसवून बघितली, तसाच 'टक' असा आवाज आला. "आबा, हीच तर टेकडाऊन आहे की," तो हळूच म्हणाला. लहानपणी पाहिलेली बंदूक त्यालाही आज वेगळी दिसली असावी.

फत्तेसिंगभाऊंनी नंबर जुळवला. मग पेन खाली ठेवलं. "हे बघा, रागावू नका. परवाना या घराचा आहे. नळी दुसऱ्याच्या घरी ठेवता येत नाही, नियमात बसत नाही. आजपासून दोन्ही तुकडे इथंच."

म्हणजे तीस वर्षांनी बंदूक पुरी होणार होती, आणि माझ्या खोलीत.

"ताई, परवाना मुलाच्या नावे करायला तुमची हरकत?" त्यांनी मला विचारलं. रकान्यात दोनच शब्द छापलेले होते, आहे आणि नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. नाना, आबा, चहाची गाळणी धरलेल्या सासूबाई. धर्मेंद्र बघत नव्हता. तो जुन्या नळीवरचा गंज अंगठ्याने पुसत होता, इतक्या हळू, की नुसतं 'आहे' म्हणून मला थांबवेना.

"हरकत आहे," मी म्हणाले. "कुलपांची सोय होईपर्यंत. एका कुलपाची नाही. नळी एका पेटीत, दस्ता दुसऱ्या पेटीत, दोन वेगळ्या खोल्यांत. एक किल्ली यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. तोवर बंदूक ठाण्यात जमा करा. आजच."

"सून सांगी ऱ्हायनी आते," आबा नानांना म्हणाले. त्यात टोमणा होता.

"बेबावहिनीनी बी सांगेल व्हतं," नाना म्हणाले. "आपन आयकं ना."

फत्तेसिंगभाऊ फॉर्मकडे बघत होते. "ताई, एवढं मावत नाही यात."

"समासात लिहा."

त्यांनी कागद आडवा फिरवला आणि खरंच समासात लिहिलं, बारीक अक्षरात. मी वाचून सही केली. धर्मेंद्र उठला, दोन्ही तुकडे गोणपाटात बांधले, आबांना विचारलं, "जाऊ ना?" आबांनी मान हलवली की नुसती मुंडी खाली घातली, कळलं नाही. दारात तो थांबला. मला वाटलं आता बोलेल काहीतरी लागेल असं. म्हणाला, "बिजागऱ्या आतून घ्याव्या लागतील. बाहेरून असल्या तर ती स्क्रू काढेल."

पुढचे तीन आठवडे वहीत पेट्याच होत्या. पत्रा किती जाड, भिंतीत किती खोल, कुलूप फिरवायचं की ढकलायचं. त्याच मन लावण्याने, तेवढीच पानं. आबा रोज दुकानात जाऊन खुर्चीवर बसायचे आणि वेल्डिंगला नावं ठेवायचे, म्हणजे राग उतरत होता.

पहिली पेटी मी रिकामीच भूमिकासमोर ठेवली, आत एक बिस्किटांचा पुडा टाकून, आणि चपटा स्क्रू-ड्रायव्हर, चमचा, पिना, काय हवं ते दिलं. वीस मिनिटांत तिने कडीच्या फटीतून चमचा घालून खिटी सरकवली. धर्मेंद्र पेटी उचलून दुकानात गेला. दुसरीला तिला पूर्ण दुपार लागली, पण उघडली.

तिसरी कालची. जेवण झाल्यावर ती पेटीसमोर बसली. चमचा वापरून झाला, पिना वाकल्या, पेटी उलटी करून आपटून झाली. आबा खाटेवरून म्हणाले, "सोड बेटा, नई उघडाव." धर्मेंद्र दारात उभा, हाताची घडी घातलेली, आणि मी पाहिलं की तो श्वास धरून होता. साडेतीनला तिने चमचा फेकला आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली. बेबाबाई उचलायला उठल्या.

"राहू द्या आई," मी म्हणाले. "रडू द्या तिला थोडा वेळ."