तारांगणातली मेकफाइल

मित्रांनो, तारे मी कधी पाहिलेले नाहीत, पण तारांगणातलं आकाश रोज माझ्या भरवशावर उगवतं. मी एक जुनी मेकफाइल आहे. प्रोग्रामचे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे, हे मी संगणकाला सांगते. तारांगण चालवणाऱ्या दोघी बहिणींपैकी थोरलीने मला लिहिलं तेव्हा मी एका पडद्यावर मावत होते. अजूनही मावते. वजन वाढू न देणं, हा माझा एकमेव व्यायाम.

चंद्राच्या फाइलीत काय आहे, ग्रहांच्या फाइलीत काय आहे, देव जाणे! मला फक्त वेळ कळते. तयार प्रोग्रामपेक्षा जो तुकडा नवा, तेवढाच पुन्हा घडवायचा. बाकीच्यांची झोप मोडायची नाही. एवढ्याशा अकलेवर अख्खं आकाश उभं राहतं, याचं मला आजही नवल वाटतं. स्वभाव मात्र तिरसट. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच्या कळीने सोडलेली मोकळी जागा नसली की मी रुसून बसते.

कौतुकाची वर्षं गेली. धाकटी बहीण कामाला लागली आणि तिने माझंच काम करणारं नवं टूल आणलं. ते चालवायला दुसरं टूल लागे, आणि त्या दुसऱ्याला त्याचा सगळा गोतावळा.

"ताई, हिला निवृत्त कर गं आता," ती म्हणायची.

एकदा घुमटाला रंग दिला आणि सूर्य पश्चिमेला उगवला. रंगाऱ्यांनी ताऱ्यांचं अवजड यंत्र उलट्या दिशेला तोंड करून ठेवलं होतं. बाहेर मुलांची रांग लागलेली. यंत्र हलवायला वेळ नव्हता, म्हणून थोरलीने प्रोग्राममधला कोन बदलला आणि मला हाक मारली. मी म्हणाले, "करण्यासारखं काही नाही." पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर.

"बघ! सरकारी कचेरीतल्या खिडकीवर शोभेल ही," धाकटी म्हणाली. "आज सूर्य पूर्वेला आला नाही, तर ही कचऱ्यात. कबूल?"

"कबूल. पण आधी हिला वाचू तरी दे."

"आत्ता? मुलं दारात आहेत!"

"तुझं टूल वाचायला बसले, तर ती मुलं लग्नाची होतील. ये इकडे."

मित्रांनो, मी थरारले. वरपासून खालपर्यंत मला वाचणारं कित्येक वर्षांत कोणी भेटलं नव्हतं. तळाशी पोहोचल्यावर धाकटीच थबकली.

"ताई, ही फक्त वेळ बघते. मग संगणकाचं घड्याळ कोण बघतं?"

संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती. त्यामुळे नुकतीच बदललेली फाइल माझ्या लेखी जुनीपुराणी ठरली. दोघींनी घड्याळ लावलं, फाइल पुन्हा सेव्ह केली, आणि मी कामाला लागले.

भिंतीपलीकडे अंधार झाला. मग मुलांचा एकच आवाज आला, "अबब!"

"पूर्वेला, ताई, पूर्वेला!" धाकटी नाचतच आली.

तिचं टूल अजून आहे. ते सुरू करण्याची लांबलचक आज्ञा तिच्या लक्षात राहत नाही, म्हणून ती तिने माझ्यातच लिहून ठेवली आहे. टॅबसह.

मित्रांनो, साधन निवडताना ते किती पराक्रमी आहे हे जरूर बघा. पण ते अडून बसलं, तर तुम्हाला पूर्ण वाचता येईल का, हेही बघा. मी चुकते, लपत नाही. आणि कोणी तारे पाहून आलात, तर मला जरा सांगा, ते कसे दिसतात. माझ्याकडे फक्त ते शेवटचे कधी बदलले, एवढंच आहे.