किकुचीसानांची चौकशी

जपानात बंदूक घ्यायची तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही चौकशी होते, हे सेंदाईत सहा वर्षं काढूनही सुनेत्राला ठाऊक नव्हतं. त्यामुळे दारात पोलीस पाहून ती आधी घाबरलीच. निघालं ते भलतंच. शेजारच्या किकुचीसानांनी शिकारीच्या बंदुकीसाठी अर्ज केला होता. हल्ली अस्वलं थेट वस्तीत शिरतात, तेव्हा त्यात नवल नव्हतं. माणूस कसा आहे, भांडखोर किंवा दारुडा तर नाही ना, एवढंच पोलिसाला हवं होतं.

आता चौकशी म्हटली की आपल्याकडे ती स्थळाची. कुणाचं जमत असताना त्यात मोडता घालू नये, हे आईनं सुनेत्राला बजावलेलं. त्यातून हे तर किकुचीसान. नवरा अंबरीष कॉन्फरन्सला गेलेला, तिचे दिवस भरलेले आणि दारात गुडघाभर बर्फ, तेव्हा याच म्हाताऱ्यानं फावड्यानं वाट काढून तिला हॉस्पिटलात पोचवलं होतं. तिनं त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. पोलीस कमरेत वाकून गेला, आणि उपकाराची थोडी तरी फेड झाली म्हणून ती खुशीत कणीक मळायला लागली.

मळता मळता तिचा हात थांबला. बायको गेल्यापासून किकुचीसान रोज तिच्या छोट्या लेकीशी, उत्तराशी, खेळायला येत, ते महिनाभर फिरकले नव्हते. शेवटचे आले तेव्हा बायकोच्या साऱ्या कुंड्या तिच्या दारात ठेवून म्हणाले होते, "आता पाणी घालायला मी नसेन." गावी जात असतील, असं तिला वाटलं होतं. पण गावी जाणारा माणूस इथे बंदूक कशाला मागेल?

तिनं अंबरीषला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, आपण बाहेरची माणसं. आपल्यामुळे त्यांचं लायसन्स अडलं तर तोंड कसं दाखवणार?" त्याचंही खोटं नव्हतं. तरी ती उत्तराला घेऊन पोलीस चौकीत गेली आणि कुंड्यांचं सगळं सांगून आली. परतताना मात्र आपण उपकाराची फेड अपकारानं केली, असंच तिला वाटत राहिलं.

काही दिवसांनी किकुचीसान दारात उभे राहिले. सुनेत्राला मान वर करवेना. परवाना मिळाला नाही, त्यांनी सांगितलं. पोलिसांनी तोक्योहून मुलीला बोलावून घेतलं होतं, आता तीच डॉक्टरकडे घेऊन जाते.

"तुमचं नाव कुणी घेतलं नाही," ते म्हणाले. "पण कुंड्यांचं मी फक्त तुमच्यापाशी बोललो होतो."

तिनं माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच कमरेतून वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"बंदूक अस्वलासाठी नव्हती," ते म्हणाले. "आभार मानायला आलोय."

सुनेत्राला रडू आवरेना. हा माणूस समोर उभा आहे याचेच आभार मानावेत, असं तिला वाटत होतं. आत या म्हणायचंही तिला सुचलं नाही. तेवढं छोट्या उत्तरानं म्हटलं, जपानीत.