पहिलं बरं की दुसरं

"पहिलं बरं दिसतं की दुसरं?"

चष्मेवाल्यानं आईच्या नाकावरच्या जड चौकटीतली काच काढून दुसरी सरकवली. मग पुन्हा पहिली. दिवसातून पंचवीस वेळा तो हा प्रश्न विचारायचा आणि गिऱ्हाइकं हटकून गोंधळून "दोन्ही सारखंच" म्हणायची. आई त्यातली नव्हती. तिनं भिंतीवरच्या पाटीकडे बघत पुरता वेळ घेतला.

"दुसरं. शेवटची ओळ वाचू?"

तिनं ती एक अक्षर न चुकता वाचली. वर पाटीच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं मुंगीएवढं नावही वाचून दाखवलं. उद्या मतदान होतं. शिक्का मारताना आपल्याकडून घोटाळा व्हायला नको, म्हणून आठ दिवस तिनं नव्या काचांसाठी त्याच्यामागे भुणभुण लावली होती. मुलगा विधानसभेला उभा राहिलाय, हे तिनं दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

उभा राहिला होता, हे खरंच. पण उभा राहिल्यापासून त्याला कुठं बसवत नव्हतं. भरल्या ताटावरून तो पाणी आणायला म्हणून उठायचा आणि खिडकीशी जाऊन थांबायचा. दुकानात काउंटरपासून शटरपर्यंत येरझारा चालायच्या. परवा एका बाईंच्या चष्म्यात त्यानं डावी काच उजवीकडे बसवून दिली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

महिन्यापूर्वी आमदारांचा सहायक दुकानात येऊन बसला होता. आमदारांविरुद्ध यंदा मास्तर उभे होते, शाळेतून निवृत्त झालेले, कुठल्या पक्षाचे नसलेले, आणि लोक त्यांच्या बाजूनं बोलू लागले होते. चष्मेवाल्याचं भांडवल एवढंच, की त्याचं नाव आणि आडनाव काना-मात्रेसकट मास्तरांचंच होतं. तुम्ही काही करायचं नाही, भाषण नाही, सभा नाही, नुसतं उभं राहायचं, असं सहायकानं सांगितलं. समोरचा रस्ता रुंद व्हायचाय आणि पाडायच्या दुकानांची यादी अजून पक्की नाही, हेही त्यानं जाता जाता सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

चिन्हही त्यानंच शोधून दिलं. मास्तरांची शिडी होती, म्हणून याला रेल्वेचे रूळ. मतपत्रिकेवर नावं एकाखाली एक यायची होती, आणि नजर जराशी अधू असली की शिडी काय नि रूळ काय. सहायक हसला होता. चष्मेवाल्याला हसू आलं नाही. पण कागदावर सही त्यानंच केली, कुणी हात धरून करवून घेतली नव्हती, आणि तेच त्याला खात होतं.

याच मास्तरांच्या वर्गात तो शिकला होता. हजेरी घेताना मास्तर त्याच्या नावाशी येऊन थांबायचे, स्वतःच "हजर" म्हणायचे आणि वर्ग हसला की विचारायचे, "आणि आमचे नावबंधू?" नऊ दिवसांपूर्वी ते प्रचार करता करता एकटेच दुकानात शिरले.

"नावबंधू, दांडीचा स्क्रू सैल झालाय. जरा आवळून देतोस?"

तो तिळाएवढा स्क्रू त्याच्या हातून दोनदा पडला. दुसऱ्या वेळी मास्तरही गुडघे टेकून त्याच्याबरोबर फरशी चाचपत बसले. निवडणुकीचा विषय त्यांनी काढलाच नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. चष्मा चढवून मास्तर म्हणाले, "हं. आता दिसतोस," आणि पायऱ्या उतरून गेले. आई तेव्हा मागच्या खोलीत काचा पुसायची फडकी शिवत होती. मास्तर काय म्हणाले, असं तिनं विचारलं. स्क्रू सैल झाला होता, असं त्यानं सांगितलं. तिनं मशीनचं चाक पुन्हा फिरवलं.

तिला खरं सांगायचं त्यानं रोज ठरवलं आणि रोज जीभ रेटली नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात दोन रांगा लागल्या होत्या. बायकांची रांग भरभर सरकली. आई बाहेर आली, नवा चष्मा सावरत थेट त्याच्यापाशी आली आणि रांगेबाहेर उभी राहिली.

"नीट दिसलं ना?" त्यानं हळूच विचारलं.

"लख्ख. वरच्या नावावर मारला शिक्का."

महिनाभर तो स्वतःच्या उमेदवारीपासून तोंड लपवत होता. तरी साऱ्या मतदारसंघात एक मत तरी खरोखर आपलं असेल, असं त्यानं गृहीत धरलं होतं. चुकून पडलेलं नव्हे, त्याचं म्हणून पडलेलं.

"आई, वरचे मास्तर. मी खालचा. रूळवाला."

"शिडीला पाच पायऱ्या होत्या," आई म्हणाली. "मी मोजल्या."

मग ती फाटकाकडे चालू लागली. तिच्या पाठीकडे बघताना त्याला आठवलं, गेले आठ-नऊ दिवस तिनं कुणालाच मुलाच्या निवडणुकीचं सांगितलं नव्हतं. दूधवाल्यानं आपणहून विचारलं, तेव्हाही तिनं पातेलं पुढं करून विषय बदलला होता. त्यानं ते पाहिलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं.

रांग सरकली. आत अधिकाऱ्यानं त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, तसा टेबलाशी बसलेला एकजण यादीतून मान वर करून हसला.

"यातले तुम्ही कोणते?"

"दुसरा," तो म्हणाला आणि मतपत्रिका घेऊन पुठ्ठ्याच्या आडोशाला गेला. तिथं त्याला फार वेळ लागला. मागच्या माणसानं दोनदा घसा खाकरला.

तो बाहेर आला तेव्हा आई फाटकाशी थांबली होती. त्याच्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत तिनं विचारलं,

"पहिलं बरं दिसलं की दुसरं?"

गिऱ्हाइकं या प्रश्नाला का अडखळतात, ते त्याला आज कळलं.

"पहिलं."

आईनं चष्मा उतरवून त्याच्या हातात दिला. काचा धूसर झाल्यात, जरा पुसून दे, म्हणाली. कालच बसवलेल्या काचा एवढ्यात धूसर कशानं झाल्या, हे त्यानं विचारलं नाही. खिशातलं फडकं काढून तो पुसत राहिला.